कामगार नुकसानभरपाईचे नियम: राजपत्रातला मसुदा पुरेसा, की सांगलीत जाहीर सुनावणी हवी?

कुपवाडचा कामगार (धागाकर्ता): 1923 चा नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला गेला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्याखालील नियमांच्या मसुद्यावर हरकतींसाठी किमान 45 दिवस देण्याची तरतूद आहे, पण राजपत्रात मसुदा छापला म्हणजे लोकांना विचारले, असे मी मानत नाही. मिरज, विटा, पलूस येथे मराठीतून सुनावण्या घ्याव्यात आणि वेतनमर्यादेपासून, म्हणजे भरपाई मोजताना जास्तीत जास्त किती मासिक पगार धरायचा यापासून, सुरुवात करावी. 2010 मध्ये ठरलेली 8,000 रुपयांची मर्यादा 15,000 व्हायला 3 जानेवारी 2020 उजाडावा लागला. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला सहसा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नसते. तिथे पॉवर प्रेसवर तीस वर्षांच्या ऑपरेटरचा अंगठा गेला, तर कमाईक्षमतेची हानी 30 टक्के आणि वयाचा गुणक 207.98 धरून पगाराच्या 60 टक्क्यांवर हिशेब करतात. त्याचा पगार 22,000 असला तरी 15,000 च्या मर्यादेने भरपाई 5,61,546 रुपयेच होते. खऱ्या पगारावर ती सव्वाआठ लाखांच्या आसपास गेली असती. ही मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावी.

लघुउद्योजक, मिरज: सुनावणीला माझी हरकत नाही, मर्यादेला आहे. माझ्यासारख्याचे सगळे काम जॉबवर्कचे. दर मोठी कंपनी ठरवते आणि बिल तिच्या सवडीने निघते. सव्वाआठ लाख एकरकमी आणायचे कुठून? 1923 च्या कायद्याने मालकाला विमा सक्तीचा केला नव्हता, खरी उणीव ती आहे. शिवाय कामगाराने यंत्राचा सुरक्षा-गार्ड मुद्दाम काढला असेल तर कायद्याप्रमाणे मालकावर जबाबदारी येत नाही. टाळ्यांच्या सभेत हे संरक्षण पहिल्यांदा उडवले जाईल.

कुपवाडचा कामगार: विम्याबद्दल सहमत. पण गार्ड लावला की तासाचे नग कमी भरतात, हे शॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत महिनोन्महिने खुंटीला टांगलेला गार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ‘कामगाराने मुद्दाम काढलेला’ ठरतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव चालत नाही, अंगठा गेला तर मात्र चालतो. हा फरक कशासाठी, ते समोरासमोर विचारायलाच सुनावणी हवी.

एक वकील, सांगली: आपण दोघेही हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाबद्दल बोलत आहात. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या जोडप्याची उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून येते, दोघे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि बाईचे नाव बहुधा कोणत्याच कागदावर नसते. ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारे 1923 च्या कायद्याचे कलम 12 होते खरे. पण अपघात त्याच्या कामाच्या किंवा ताब्यातल्या जागेत झाला पाहिजे, अशी त्यात अट होती. उसाचा फड कारखान्याची जागा आहे का? वाद तिथेच अडतो, टोळी हंगाम संपताच गावी परतते आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत सरत राहते. मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडेच (पूर्वी आयुक्तांकडे) जमा करावी लागते, परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई ठरत नाही. तरीही स्टँपपेपरवर मिटवामिटवी होतेच. नोंदणीचा प्रश्न सोडून मर्यादेवर भांडणे मला गौण वाटते. सुनावणी घ्यायचीच तर ती गाळप चालू असताना घ्यावी.

ऊस उत्पादक, वाळवा: वकीलसाहेबांचा मुद्दा मान्य केला, तरी त्याचे पैसे कोणाच्या बिलातून जाणार, हे कोणीच बोललेले नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च आमच्या एफआरपीतून (उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून) वजा होतो. टोळीच्या विम्याचा हप्ता कारखान्यावर टाकला की तो त्याच रकान्यात येऊन बसेल, आणि माझा फड ‘कामाची जागा’ ठरला तर दावा माझ्यावरही येऊ शकेल. टोळीला विमा मिळावा याला माझा विरोध नाही. मात्र हा हप्ता तोडणी खर्चात धरता येणार नाही, असे नियमातच लिहिले जाणार नसेल, तर मी सुनावणीत हरकत नोंदवणार.