फॅमिली ग्रुप: २८ नोव्हेंबरच्या मॅचची तयारी

सुधीरकाका: नमस्कार मंडळी. विमानाची तिकिटं झाली. आम्ही दोघं २५ नोव्हेंबरला अमेरिकेत कोलंबसला पोचतोय, म्हणजे २८ तारखेची ओहायो स्टेट-मिशिगन या दोन युनिव्हर्सिटींची अमेरिकन फुटबॉलची मॅच सापडतेय. पण नुसतं जाऊन बसायचं नाहीये. सप्टेंबरपासून सगळा सीझन समजून बघायचाय. कुठून सुरुवात करू?

निखिल (कोलंबस): वा काका! आधी सीझनचा सांगाडा सांगतो. नियमित सीझनमध्ये एका टीमच्या फक्त १२ मॅचेस असतात, सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, बहुतेक शनिवारी. मधे एखादा आठवडा सुट्टी. या दोन्ही टीम ज्या गटात खेळतात त्याचं नाव बिग टेन असलं तरी २०२४ पासून त्यात १८ टीम आहेत. बारापैकी ९ मॅचेस बिग टेनमधल्यांशी, उरलेल्या ३ बाहेरच्यांशी. प्रत्येकाशी प्रत्येकाची गाठ पडत नाही, त्यामुळे नुसतं "१०-२" वाचून टीम केवढी ताकदीची ते कळत नाही. त्या दहा कोणाविरुद्ध जिंकल्या, ते बघायचं.

निखिल: मग पहिल्या दोन टीम डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी इंडियानापोलिसला फायनल खेळतात. त्यानंतर देशाचा विजेता ठरवायला देशभरातल्या १२ टीमचा बाद फेरीचा प्लेऑफ. त्या १२ ठरवायला १३ जणांची निवड समिती असते. ती नोव्हेंबरपासून दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जी क्रमवारी दिसते ती पत्रकारांची, तिच्यावर प्लेऑफ ठरत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात "तिसऱ्या नंबरवर" वाचलंत तर फार मनावर घेऊ नका.

अमृता (अ‍ॅन आर्बर, मिशिगन युनिव्हर्सिटीचं गाव): काका, यावर्षी १२ सप्टेंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या शनिवारी मिशिगनकडे ओक्लाहोमा येतेय आणि ओहायो स्टेट टेक्सासला ऑस्टिनमध्ये जातेय. दोन्ही टीमची खरी ताकद त्या दिवशी पहिल्यांदा दिसेल. आधीची मॅच सहसा दुबळ्या टीमशी असते, त्यात ५० पॉइंट केले तरी काही कळत नाही.

विद्याकाकू: वेळा सांगा गं. ह्यांचं रात्रीचं जागरण मला आधी ठरवावं लागेल.

अमृता: काकू, तिकडे तीन ठरलेल्या वेळा असतात: दुपारी १२, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे त्या रात्री ९:३०, मग १:०० आणि रविवारी पहाटे ५:००. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर तेच १०:३०, २:०० आणि ६:००. मॅच साधारण साडेतीन तास चालते. आणि वेळ आधीपासून जाहीर नसते हो. टीव्हीवाले १२ किंवा कधी ६ दिवस आधी ठरवतात. आपली मॅच मात्र दुपारी बाराचीच, त्यात सहसा बदल होत नाही.

सुधीरकाका: चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड, टचडाउनचे ६, नंतरच्या किकचा १, फील्ड गोलचे ३, एवढं येतं मला. एनएफएल, म्हणजे तिकडची व्यावसायिक लीग, अधूनमधून बघतो. कॉलेजमध्ये वेगळं काय?

निखिल: मग तुमचं काम सोपं आहे. डोळ्यांना लगेच खटकतील असे फरक सांगतो. कॅच घेताना एक पाय मैदानात असला की पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. बॉल घेतलेल्या खेळाडूचा गुडघा जमिनीला टेकला की डाउन संपला, कोणी हात लावलेला नसला तरी. बरोबरी झाली तर ओव्हरटाइममध्ये घड्याळ नसतं. दोघांना आळीपाळीने २५ यार्डांवरून बॉल मिळतो. दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर दोन पॉइंटांचाच प्रयत्न करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून तर नुसते दोन पॉइंटांचेच प्रयत्न आळीपाळीने.

निखिल: आणि एक नियम बायकोपोरांसकट सगळ्यांना माहीत असतो, टार्गेटिंग. डोक्याने किंवा डोक्यावर धडक मारली आणि रिप्लेत ते पक्कं झालं, की खेळाडू मॅचबाहेर. २०२५ पर्यंत दुसऱ्या हाफमध्ये झालं तर पुढच्या मॅचचा पहिला हाफसुद्धा बाद व्हायचा.

अमृता: आता या मॅचचं मर्म सांगते काका. सगळे क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्याकडे, बघतात. तुम्ही बॉल सुटायच्या आधी मधल्या पाच-सहा जाड्या माणसांकडे बघा. ही मॅच तिथे ठरते. २०२१ ते २०२५ पाचही वर्षं, ज्या टीमने धावून जास्त यार्ड काढले तीच जिंकली. चार वेळा आम्ही मिशिगनवाले, पाचव्यांदा ओहायो स्टेट.

निखिल: मान्य. २०२४ चं उदाहरण घ्या. ओहायो स्टेट दुसऱ्या नंबरवर, मॅच घरच्या मैदानावर, मिशिगन क्रमवारीतच नाही. आणि हरलो १३-१०. मिशिगनने पास करून कसेबसे ६२ यार्ड काढले होते! पण त्यांच्या मधल्या फळीत मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रांट होते, आणि आमचे कोच पुन्हा पुन्हा त्या दोघांच्याच अंगावर बॉल धावायला देत राहिले. बाहेर जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर उभा असताना. वर दोन फील्ड गोल चुकले, दोन इंटरसेप्शन, म्हणजे आमचे पास त्यांनीच पकडले. शेवटी तिसऱ्या डाउनला ६ यार्ड हवे असताना मिशिगनचा कॅलेल मलिंग्ज २७ यार्ड पळाला आणि ४५ सेकंद उरलेली असताना त्यांनी २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला.

ईशा: पण त्याच वर्षी ओहायो स्टेट नॅशनल चॅम्पियन झाली ना?

निखिल: हो, २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोट्र डेमला ३४-२३ हरवून. आधी प्लेऑफ चारच टीमचा होता, तेव्हा हा पराभव सीझन बुडवू शकला असता. आता १२ टीम असल्यामुळे हरूनही वाट उरते. तरी कोलंबसमध्ये त्या वर्षाबद्दल विचारलंत तर आधी १३-१० निघेल, मग ट्रॉफी. माझ्या मते ते बरोबरच आहे. ट्रॉफी कुणालाही हरवून मिळते, ही मॅच एकाच टीमला हरवायची असते. २०२५ ला अ‍ॅन आर्बरमध्ये २७-९ जिंकलो, तो २०१९ नंतरचा पहिला विजय. जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या पँटच्या आकाराचं छोटं पदक मिळतं, १९३४ पासूनची पद्धत आहे. इतर कुठल्याही विजयाला ते मिळत नाही.

सुधीरकाका: हे वैर एवढं मुरलंय कशामुळे?

अमृता: मूळ जमिनीच्या भांडणात आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगनने आपापले शिपाई सीमेवर उभे केले होते. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात वरचा द्वीपकल्प मिळाला. कोलंबसहून माझ्याकडे याल तेव्हा रस्ता टोलेडोवरूनच आहे, तीन तास.

अमृता: फुटबॉल १८९७ पासून. १९५० ला कोलंबसमध्ये बर्फाच्या वादळात मॅच झाली. मिशिगनला पूर्ण मॅचमध्ये एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही, म्हणजे एकदाही १० यार्ड पूर्ण झाले नाहीत, २४ वेळा पंट केलं, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना दिला, आणि ९-३ जिंकलो. सगळे नऊ पॉइंट त्यांचे पंट अडवून मिळाले. १९६९ ते ७८ ओहायो स्टेटचे कोच वूडी हेज विरुद्ध आमचे कोच बो शेंबेकलर, त्याला दहा वर्षांचं युद्धच म्हणतात. १९७३ ला दोघे अपराजित होते, मॅच १०-१० बरोबरीत सुटली, आणि "रोझ बोल" या मानाच्या मॅचला कोण जाणार ते बिग टेनच्या क्रीडासंचालकांनी मतदानाने ठरवलं. ओहायो स्टेटला पाठवलं. इथले जुने लोक अजून त्यावर पोटतिडकीने बोलतात. आता ओव्हरटाइम असल्यामुळे तसं होत नाही.

निखिल: त्या आठवड्यात कॅम्पसवर चक्कर मारा काका. पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी "एम" अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली दिसेल. इमारतींची नावं, दिशादर्शक, सगळीकडे. मिशिगनचं नावही घेत नाहीत, "वरच्या बाजूची ती टीम" म्हणतात.

विद्याकाकू: थंडी किती असेल? आणि खायला काय न्यायचं?

निखिल: शून्याच्या आसपास धरून चला, वारा वेगळा. काकू, थंडी खालून लागते. बाकं अ‍ॅल्युमिनियमची, पायाखाली काँक्रीट. जाड जॅकेट घालून लोक जातात आणि दुसऱ्या क्वार्टरला पाय बधिर होतात. लोकरी मोजे, बूट थोडे सैल, पायाखाली टाकायला पुठ्ठ्याचा तुकडा, बसायला साधी फोमची उशी. अंगात एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ. सुती बनियन नको, चढउतार करताना घामाने ओला झाला की मग वाळत नाही.

निखिल: खाणं बाहेरचं आत नेता येत नाही. थेपले, धपाटे जे काय ते बाहेर टेलगेटला, म्हणजे मॅचआधी गाड्यांपाशी जमून खातात तिथे, खाऊन घ्या. पर्स न्यायची नाही. पारदर्शक पिशवी किंवा एक गॅलनची झिपची पिशवी चालते. मॅचच्या आठवड्यात स्टेडियमच्या साइटवर नियम पुन्हा बघा, बदलतात. आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत.

सुधीरकाका: तिकिटं कुठली घेऊ? वरची स्वस्त दिसताहेत.

निखिल: ओहायो स्टेडियमला तीन मजले आहेत. ए डेकच्या मागच्या रांगा टाळा, तिथे वरचा बी डेक डोक्यावर येतो. पाऊस लागत नाही, पण स्कोअरबोर्ड दिसत नाही आणि उंच मारलेला पंट मधेच नाहीसा होतो. तुम्हाला डावपेच बघायचेत तर सी डेक, मैदानाच्या लांब बाजूचा. पूर्ण रचना दिसते. चढ बराच आहे आणि वारा जोरात, काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून बी डेकच्या पुढच्या रांगा बघा. दक्षिणेचं स्टँड विद्यार्थ्यांचं, तिथे साडेतीन तास उभं राहावं लागतं.

निखिल: तिकिटं फोनवरच येतात. बारकोड बदलता असतो, स्क्रीनशॉट चालत नाही. घरून निघायच्या आधीच फोनच्या वॉलेटमध्ये टाका, कारण लाखभर माणसं जमली की गेटवर नेटवर्क मरतं. घाईने आत्ता घेऊ नका. दोन्ही टीमच्या ऑक्टोबरपर्यंतच्या निकालांवर भाव वरखाली होतो. एखादी टीम तीन हरली तर उतरतो, दोघी अपराजित असल्या तर चढतच जातो. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यावर एकदा ठरवू.

अमृता: आणि काका, बारा वाजता पोचू नका हं. बँड चुकवलात तर अर्धा आनंद गेला, हे मी मिशिगनची असून सांगतेय. त्यांचा बँड फक्त पितळी वाद्यं आणि ढोलांचा, आपल्या पथकासारखा छातीत घुमतो. तो चालत चालत मैदानावर इंग्रजीत, अक्षरं एकमेकांना जोडून "ओहायो" लिहितो, १९३६ पासून, आणि शेवटी "आय" वरचा टिंब द्यायला सूझाफोन या मोठ्या पितळी वाद्याचा वादक एकटा ऐटीत निघतो.

निखिल: त्याआधी सेंट जॉन अरेनात बँडची तालीम असते, फुकट. मॅचच्या दोनेक तास आधी. यंदाची जागा-वेळ त्या आठवड्यात पक्की करून टाकतो ग्रुपवर. गाडी आणायची नाही. हाय स्ट्रीटवरून कोटा या शहर बससेवेची २ नंबरची बस, पण मॅचच्या दिवशी मार्ग वळवतात, म्हणून शेवटचं थोडं चालायची तयारी ठेवा.

ईशा: निखिलदादा, मी ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटला जॉइन होतेय. माझ्या स्टुडंट तिकिटावर काकू आल्या तर?

निखिल: तसंच्या तसं नाही चालणार. स्टुडंट तिकिटावर विद्यार्थी ओळखपत्र लागतं. बाहेरच्या माणसाला द्यायचं तर फरकाचे पैसे भरून ते आधी बदलून घ्यावं लागतं, गेटवर होत नाही. आणि तुझं स्वतःचं तिकीट आधी बघ. विक्री ठरलेल्या दिवशी उघडते, सूचना युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर येते. नवीन मुलं तो ईमेल सुरूच करत नाहीत आणि मग तिकीट जातं. अ‍ॅडमिशनचं काम झालं की आधी ते अकाउंट चालू कर.

ईशा: आज करते.

सुधीरकाका: मी १२ सप्टेंबरपासून प्रत्येक मॅचचे दोन्ही टीमचे रशिंग यार्ड, म्हणजे धावून काढलेले यार्ड, वहीत लिहितो. अमृता, मिशिगनचे तू मला दर रविवारी पाठव.

अमृता: पाठवते काका. जोडीला विरोधी टीमने आमच्याविरुद्ध धावून किती काढले तोही आकडा लिहा. नोव्हेंबरला तोच जास्त उपयोगी पडेल.