धुण्याच्या तारेवर शिंजिराचं घरटं, आणि सोमवारी परांची

मनीप्लांट (डोंबिवली), 8 मार्च
गॅलरीतल्या धुण्याच्या तारेवर शिंजिराने घरटं बांधलंय. आधी वाटलं जळमट लोंबतंय. केरसुणी घेऊन गेले तर भोकातून चोच बाहेर आली! कोळ्याच्या जाळ्यात गवताच्या काड्या, सालपटं, आमच्याच पायपुसण्याचा लाल धागा, काय काय गुंफलंय. भोकावर चक्क वळचणीसारखी झालर. मादी दिवसभर आत असते, वरून मळकट हिरवी, पोटाला पिवळी. नर लांबून काळा कुळकुळीत, उन्हात आला की जांभळा. तो समोरच्या केबलवर बसून नुसता ओरडतो.

प्रश्न दोन. सोमवारपासून आमच्या विंगला परांची बांधून रंगकाम आहे. मुकादम म्हणतो, "मॅडम, तार सोडून आतल्या खोलीत टांगा की." असं चालतं का? दुसरं, मला तिचा फोटो हवाय, पण दार उघडलं की भुर्र. (धुणं कुठे वाळत घालायचं हा सासूबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर कुणी देऊ नका, ते घरात चालू आहे.)

पाणकावळा (सांगली)
ताई, अजिबात हलवू नका. आत नेलंत की संपलंच ते. मुकादमाला सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं. आणि सोसायटीला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं रंगाऱ्यापर्यंत पोचत नाही. मुदत हिशोबाने मागा. जांभळ्या शिंजिराची अंडी एकटी मादी उबवते, 15 ते 17 दिवस. नर तेव्हा मिरवायला मोकळा. तोही चोचीत कोळी-किडे घेऊन भोकाशी यायला लागला की समजा पिल्लं झाली. तिथून साधारण दोन आठवडे.

बाभूळबन
फोटोचं मी सांगतो, कारण मी माती खाल्लेली आहे. मधुमालतीत बुलबुलाचं घरटं होतं, तीन पिल्लं. लेन्सच्या आड दोन डहाळ्या येत होत्या, त्या कात्रीने छाटल्या. फोटो झकास आला. दुपारी जेवून उठतोय तर कठड्यावर कावळा. संध्याकाळी घरटं रिकामं, आणि बुलबुलाची जोडी चोचीत अळी धरून कठड्यावर येरझाऱ्या घालतेय. ज्या पानांमुळे मला नीट दिसत नव्हतं, त्यांच्यामुळेच कावळ्यालाही दिसत नव्हतं. तो फोटो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

तुम्ही दार बंदच ठेवा. खोलीतला दिवा मालवा, काचेला ब्राऊन पेपर लावून लेन्सपुरतं भोक पाडा आणि मोबाईल काचेला टेकवा. फ्लॅश नको. ती खाऊ घेऊन आली आणि आत न जाता इकडेतिकडे उड्या मारायला लागली, तर तुम्ही नडताय. उठा. पिल्लं भोकातून डोकवायला लागली की मात्र फोटो बंद. घाबरली तर पंखांत बळ येण्याआधीच बाहेर उडी टाकतात.

मनीप्लांट, 2 एप्रिल
अर्ज दिला. सेक्रेटरी कुरकुरले, पण आमच्या गॅलरीची पट्टी शेवटी ठेवली. परांची दोन हातांवर आली त्या सकाळी ती अर्धा तास परतलीच नाही. मी आठ-वीसची लोकल सोडली. मग आली. रंगाऱ्यांतला एक पोरगा रोज बांबूवरून विचारायचा, "फुटली का अंडी?" नराने पहिला कोळी आणला 17 तारखेला.

परवा दोन्ही पिल्लं उडाली. एक आधी तुळशीच्या कुंडीत पडलं आणि तासभर तिथेच बसलं, वरून आईबाप कालवा करतायत. मी काचेमागे, हात लावायचा मोह आवरत. फोटो एकच धड आलाय: आई भोकातून अर्धी बाहेर, मागे परांचीचा बांबू आणि त्यावर रंगाऱ्याचा पाय.

रंगारी आता दुसऱ्या विंगला गेलेत, आमची पट्टी जुन्याच रंगाची राहिलीय. काल धुणं तारेवर गेलं. घरट्याशेजारची वीतभर जागा सासूबाईंनीच सोडली.