मदत हवी आहे: टार्पसाठी सिलनायलॉन घ्यावं की सिलपॉली?

मंडळी, तीन बाय तीन मीटरचा टार्प (दोऱ्यांनी ताणून डोक्यावर बांधायचं पावसाचं कापड) शिवून घ्यायचा आहे. पावसाळ्यात चिखलदऱ्याकडे आणि सह्याद्रीत वापरणार, उरलेलं वर्षभर तो नागपुरातच राहणार. म्हणजे मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळाही त्यानेच सोसायचा. म्हणून कापडातून पाणी येऊ नये यासाठी लावतात त्या पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवर माझा भरवसा नाही. उष्णता आणि दमटपणात ते चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात.

सिलनायलॉन (सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन) फाटायला चिवट, पण पाणी शोषून ताणतं. संध्याकाळी ताठ बांधलेला टार्प रात्रीच्या पावसात झोळीसारखा लोंबतो आणि अंधारात उठून दोऱ्या ओढत बसावं लागतं. सिलपॉली (सिलिकॉनचा थर दिलेलं पॉलिएस्टर) ओलं झालं तरी फारसं ढिलं पडत नाही, उन्हातही जास्त टिकतं. मात्र तेवढ्याच वजनात फाटण्याची ताकद कमी. डायनिमा कंपोझिटचं (अतिशय मजबूत डायनिमा धाग्यांचं) पातळ कापड चौरस मीटरला साधारण १७ ग्रॅम, ताणतही नाही, पण किंमत खिशाबाहेरची आणि खडकावर घासलं तर लवकर भोक पडतं. ते मी सोडलंच.

माझा कल २० डेनियर (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलपॉलीकडे आहे. सह्याद्रीच्या भन्नाट वाऱ्यात कोपरे आणि लूप उसवतात का? दोरी बांधतो तिथे दुहेरी कापड पुरतं का? सिलिकॉनवर सीम टेप (शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून चिकटवायची पट्टी) चिकटत नाही, तर शिवणीला कोणतं सिलिकॉन लावता आणि किती पातळ करून? इतवारीत विचारलं, तर छत्रीचं कापड दाखवतात. नागपुरात असं निसरडं कापड नीट शिवणारा कारीगर माहीत असेल तर नक्की सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत शिवून हवा आहे.