पुण्याचा पाहुणा आणि शनिवारची बियर

बी-२०१ : नमस्कार सोसायटीची मंडळी. मावसभाऊ येत्या शनिवारी पुण्याहून येऊन राहिला. त्याला तिथल्या मायक्रोब्रुअरीतल्या, म्हणजे जागेवरच बनवून देतात तिथल्या, ताज्या बियरची सवय आहे. आपल्याकडे नागपुरात चांगली बियर कुठे मिळेल अन् बसायला बरी जागा कोणती? सी-५०३ काका, तुम्ही हॉटेलच्या बारवर इतकी वर्षं काढली, तुम्हीच सांगा.

ए-३०२ : जागेचं काय विचारतो भाऊ, सदर आहे ना. बियर थंडगार असली की झालं.

सी-५०३ काका : थंडगार असली की झालं, हे मला पटत नाही. २६ वर्षं बार सांभाळला, त्यातून एकच शिकलो: आधी ताजेपणा, मग ब्रँड. बियर दारूसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. ऊन आणि उष्णता तिचे वैरी. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ज्या दुकानात खोके शटरजवळ रचून ठेवतात, तिथली बियर फ्रिजमध्ये जाण्याआधीच गेलेली असते. नंतर कितीही गार करा, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते ती येतेच.

बी-२०१ : मग घेताना पाहायचं काय?

सी-५०३ काका : लेबलवरची तयार झाल्याची तारीख. दोन महिन्यांच्या आतली असली तर डोळे मिटून घ्या. चारच्या पुढची मी घेत नाही, मग छापलेली मुदत काही का असेना. दुसरं, बाटलीचा रंग. हॉप्समध्ये, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांत, जी कडवट द्रव्यं असतात, त्यांच्यावर प्रकाश पडला की कुबट वास सुटतो. तपकिरी काच प्रकाश बराच अडवते, हिरवी अन् पांढरी नाही. कॅनमध्ये तर प्रकाश शिरतच नाही. म्हणून हिरवी बाटली दुकानाच्या काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली उभी असेल तर ती सोडून द्या, मागच्या खोक्यातली मागा. खप जास्त असलेली बियर शॉपी केव्हाही बरी, माल पडून राहत नाही.

ए-३०२ : काका, स्ट्राँग घ्यायची की माइल्ड? स्ट्राँगमध्ये पैसे वसूल होतात असं सगळेच म्हणतात.

सी-५०३ काका : हिशेब करून पाहा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगात साधारण १३. म्हणजे एक स्ट्राँग बाटली संपवली की चार छोटे पेग पोटात गेले. माइल्ड ५ टक्क्यांची, तिचे अडीच. "बियरच तर आहे" म्हणून दोन स्ट्राँग रिचवून गाडीची किल्ली मागणारे मी फार पाहिले. किल्ली देताना माझा हात थरथरायचा, काही वेळा मी दिलीच नाही. शिव्या खाल्ल्या, पण दिली नाही.

डी-१०४ वहिनी : काका, हे बरं सांगितलं. मुलांनी वाचावं म्हणून मीही ग्रुपवर थांबली. नाहीतर पाण्याच्या टँकरचा प्रश्न विचारायला आली होती.

बी-२०१ : वहिनी, टँकर सकाळी ७ ला येणार आहे, सेक्रेटरींचा मेसेज वर आहे. काका, पाहुण्याला व्हीट बियर, म्हणजे गव्हाची, आवडते. ती कशी ओळखायची?

सी-५०३ काका : गढूळ दिसते, ते खराब नाही, तशीच असते. दोन तऱ्हा. जर्मन पद्धतीच्या बियरला केळ अन् लवंगेचा वास येतो, पण त्यात केळही नसतं अन् लवंगही, सगळी यीस्टची करामत. बेल्जियन पद्धतीत मात्र धणे अन् संत्र्याची वाळलेली साल खरोखर घालतात. होगार्डन त्यातलीच. संत्रानगरीच्या माणसाने ती एकदा तरी चाखावी असं मला मनापासून वाटतं. सोबत गरम सांबारवडी घ्या, आपला सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबाराच्या हिरव्या वासाला त्यातले धणे जाऊन मिळतात. हा जोड मी कित्येक पाहुण्यांना खाऊ घातला.

ए-३०२ : अन् सावजी?

सी-५०३ काका : सावजीसोबत कडू आयपीए, म्हणजे जास्त हॉप्सची बियर, अजिबात नको, कडवटपणाने तिखट दुप्पट झोंबते. बुडबुडेही जीभ पेटवतात. त्यातल्या त्यात माइल्ड लागर, म्हणजे नेहमीची पिवळी बियर, किंवा व्हीट, तीही सावकाश. मला विचाराल तर सावजी मटण आधी पोटभर खावं अन् बियर दुसऱ्या दिवशी.

बी-२०१ : आता जागा सांगा ना काका.

सी-५०३ काका : जागेचं नाव घेत नाही, तिथले आचारी अन् मॅनेजर बदलत राहतात. कसं पारखायचं ते सांगतो. ड्राफ्ट, म्हणजे नळाची बियर, मागवली तर आधी विचारा, केग, म्हणजे तिचं पिंप, कधी उघडला. ती बहुतेक पाश्चराइज केलेली नसते, लवकर संपायला हवी. लोण्यासारखा किंवा आंबूस वास आला तर नळी धुतलेली नाही, परत करा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटले तर ग्लासावर तेलकटपणा आहे, फेस टिकणार नाही. बर्फाने पांढरा झालेला मग पण नको, वास मरतो. शांत बसायचं असेल तर वर्धा रोडवरची मोठी हॉटेलं, महाग आहेत. गप्पांना सदर किंवा धरमपेठ.

डी-१०४ वहिनी : अन् गाडी?

सी-५०३ काका : गाडी घरीच. जयप्रकाश नगरहून मेट्रो, कस्तुरचंद पार्कला उतरलं की सदर जवळ. धरमपेठेला जायचं तर सिताबर्डीला बदलून शंकर नगर. येताना उशीर झाला तर कॅब करा. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्या वेळेला १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

बी-२०१ : रविवारी त्याला सेवाग्राम दाखवायला नेणार आहो. उरलेली बियर डिकीत राहिली तर चालेल?

सी-५०३ काका : नाही बाप्पा! वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. एक कॅनही नको. सेवाग्रामला जाऊन राहिले, मान ठेवा.

डी-१०४ वहिनी : माझा पोरगा १९ चा आहे, तोही तुमच्यासोबत येतो म्हणते.

सी-५०३ काका : २१ च्या आत बियर नाही. सोबत येऊ दे, सांबारवडी खाईल, लिंबूसोडा पिईल.

बी-२०१ : (शनिवार, संध्याकाळी ५) काका, तारीख पाहिली. पहिल्या दुकानात पाच महिने जुनी निघाली, परत ठेवली. दुसरीकडे मागच्या महिन्यातली मिळाली, सहा बाटल्या घेतल्या.

सी-५०३ काका : शाब्बास. उभ्या ठेवा, आडव्या नको. फ्रिजच्या दारात तर अजिबात नको, दार उघडझाप होऊन तापमान हलतं. अन् मला वाटीभर सांबारवडी पाठवा.