मदत हवी आहे: −३/४ − १/६ चं उत्तर अधिक येत नाही, हे मुलीला कसं समजावू?

नमस्कार. मुलगी सातवीत आहे. परिमेय संख्यांची बेरीज-वजाबाकी सुरू झाल्यापासून रोज रात्री आम्ही दोघी रडकुंडीला येतो. लसावि तिला छान जमतो. ४ आणि ६ चा १२ तोंडी सांगते. −९/१२ − २/१२ इथपर्यंत सगळं बरोबर. मग "उणे उणे अधिक" म्हणते आणि लिहिते +११/१२. संख्यारेषा काढून दाखवली की पटतं, पण पुढच्या गणितात पुन्हा तेच.

दुसरं गणित: उणे २ पूर्णांक ३/४ मध्ये १/२ मिळवा. तिने −५/४ + २/४ = −३/४ केलं. पुस्तकात उत्तर −९/४ आहे. हे −५/४ आलं कुठून, तेच मला कळेना. शनिवारी चाचणी आहे. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, "उणे उणे अधिक" हे गुणाकारासाठी पाठ केलेलं वाक्य आहे, ते इथे आणू देऊ नका. वजाबाकीत ते फक्त −(−१/६) असं, दोन चिन्हं लागून आली तरच चालतं. तुमच्या गणितात दोन्ही संख्या ऋण आहेत आणि त्यांची बेरीज होते आहे. तिला (−३/४) + (−१/६) असं कंसात लिहायला लावा.

ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन-ऋणाचे नियम दिले, तेही याच शब्दांत. वाण्याकडे पाऊण किलो साखर उधार आहे, आणखी पाव किलो उधार आणली, तर उधारी एक किलो झाली. वाढलीच ना? आणि मूळच्या पाऊण किलो उधारीतून वाण्याने पाव किलोची नोंद खोडली तर अर्धाच किलो देणं उरलं. हे झालं −३/४ − (−१/४) = −१/२.

प्रतिसाद २

−५/४ असं आलं: −२ × ४ = −८, त्यात ३ मिळवले. उणे चिन्ह फक्त २ ला लावलं, ३/४ मात्र धनच राहिलं. ते पूर्ण संख्येचं चिन्ह आहे, −(२ + ३/४). म्हणजे −११/४.

आकडे लिहिण्याआधी तिला मराठीत म्हणायला सांगा: पावणेतीनची उधारी, अर्धा फेडला, उरली सव्वादोन. पुस्तकातलं −९/४ म्हणजे तेच सव्वादोन. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तयारच आहेत. मुलं हल्ली पावणेतीनला दोन पॉइंट पंचाहत्तर म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच बसलो होतो. पावणेतीन म्हणजे किती हे आधी आजीकडून समजून घ्यावं लागलं. मग −३/४ − (−१/६) दिलं. तिने "वाण्याने खोडलं" असं पुटपुटत −९/१२ + २/१२ लिहिलं आणि −७/१२ काढलं. उद्या दशांश अपूर्णांक घेऊन बसतो. −२.५ − ०.७५ ला ती अडीच आणि पाऊण म्हणेल का, बघते.