घरातला ‘शांत कोपरा’: गरज की फॅड?

सोप्यातली_सून
कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, वर पत्र्याची माडी. माणसं सहा. गेल्या महिन्यात सोप्यातल्या खिडकीपाशी तीन बाय चार फूट जागा मी अडवली. जुनी सतरंजी, लोड, पिवळा बल्ब, तुळशीची कुंडी. चारशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. रात्री भांडी आवरली की मोबाईल मधल्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि वीस मिनिटं तिथं बसायचं. ध्यान नाही, जप नाही. नुसतं बसायचं.

सासूबाई म्हणतात, देवघर असताना हे कशाला? नवरा म्हणतो, फॅड. मला मात्र झोप बरी लागतीय आणि पोरांवर खेकसणं कमी झालंय. तुम्हाला काय वाटतं?

रंकाळा_दोन_फेऱ्या
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या गावात रंकाळा तलाव आहे तिथं घरात कोपरा कशाला पाहिजे? पहाटे संध्यामठाच्या बाजूला जाऊन उभं राहा, फुकट. आमचे वडील तालमीच्या कट्ट्यावर तासभर बसायचे. चार शिव्या द्यायचे, चार खायचे, घरी येऊन डाराडूर झोपायचे. एकट्यानं खिडकीशी बसलं की नको ते विचार येतात.

परसदार
वडिलांना कट्टा होता. आईला काय होतं? माझी आई दोनच वेळा बसलेली मला आठवते, धान्य निवडताना आणि पूजेला. निवडताना दहा हाका यायच्या. पूजेला मात्र कुणी हाक मारायचं नाही. सासूबाईंना देवघर पुरतं ते त्यामुळंच. तिथं बसलेल्या बाईला कुणी चहा टाकायला सांगत नाही. सूनबाईंनी तेच मागितलंय, फक्त समई न लावता.

आणि रात्री साडेनऊला रंकाळ्यावर एकटी बाई बसली तर सकाळपर्यंत गल्लीत काय काय शिजेल, हे तुम्हीच सांगा.

रंकाळा_दोन_फेऱ्या
तो मुद्दा मान्य. बायकांचा कट्टा नव्हता, खरं आहे. पण मग मैत्रिणी जमवा की! एकटीनं बसायचं खूळ कशाला?

तांबडा_जादा
बल्ब पिवळा केलात, झकास. गल्लीतल्या मंडळाच्या साउंडचं काय करणार? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीच्या रात्री आमच्या तर खिडकीच्या काचा नाचतात. शांतता विकत मिळत असती तर पहिलं गिऱ्हाईक मी.

कुंडीत_पाणी_जास्त
तुळस ठेवलीत ते छान, पण ‘झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात’ या आशेवर राहू नका. नासाचा १९८९चा अभ्यास सगळे सांगतात, तो बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. खिडकी-दारातून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा हिशोब निघाला. मग बसणार कुठं?

झाड डोळ्यासमोर असण्याचा गुण मात्र वेगळा. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. म्हणजे कुंडीपेक्षा तुमची खिडकी महत्त्वाची. आणि धूप-अगरबत्ती तिथं नको, धूर शेवटी छातीतच जातो.

रात्रपाळी_शिरोली
मी विरोधात. कारण सांगतो.

फौंड्रीत रात्रपाळी, घर एका खोलीचं. दिवसा झोप यायची नाही. व्हिडिओ बघून मीपण कोपरा केला. उशी, मंद दिवा, सगळं. तीन महिने तिथं बसून काढले. जेवण तुटलं, कशातच मन लागेना, आणि घरच्यांना वाटायचं, बरं झालं, गडी शांत बसतोय. मी शांत नव्हतो, आजारी होतो. शेवटी बहिणीनं टेलिमानसला फोन लावला. १४४१६, मानसिक आरोग्याची सरकारी सेवा, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. पुढं डॉक्टर, गोळ्या. झोपेसाठी डॉक्टरांनी उलटंच सांगितलं. अंथरूण फक्त झोपायला. झोप येईना तर उठून खुर्चीवर बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं.

त्यामुळं कुणी ‘कोपरा करा, बरं वाटेल’ म्हटलं की माझं डोकं सणकतं.

परसदार
भाऊ, बरं केलंत लिहिलंत. पण तुमच्या कोपऱ्यात तुम्हाला काय होतंय हे कुणी विचारलं नाही. चूक तिथं झाली. सतरंजीवर राग काढू नका.

रात्रपाळी_शिरोली
विचारायला कुणी आलं असतं तर कोपरा लागलाच नसता.

सोप्यातली_सून
सगळं वाचलं. दादा, तुमचं दोनदा वाचलं. माझं तसं नाही, पण जेवण-झोप बिघडली तर कोपऱ्याच्या भरवशावर राहणार नाही.

ताजी बातमी. फॅड म्हणणारा नवरा काल रात्री तिथंच लोडाला टेकून मोबाईलवर फुटबॉल मॅच बघत होता. शेजारी सासूबाई वाटाणे सोलत. सतरंजीवर चहा सांडलाय.

रंकाळा_दोन_फेऱ्या
झाला की कट्टा!

परसदार
दुसरी सतरंजी माडीवर टाका. आणि कुणाला सांगू नका.

सोप्यातली_सून
पत्रा तापतोय हो. मिरगाचा पाऊस पडू दे, मग बघते.