मदत हवी आहे: आई-अण्णांनंतर भावाची सोय (पालकत्व, मृत्युपत्र, पेन्शन, निवास)

नमस्कार. थोडं लांबेल, पण तपशिलाशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

माझा धाकटा भाऊ 47 वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढलेलं आहे. सांगलीत आई-अण्णांजवळ राहतो. अण्णा 81, आई 76. मी पुण्यात. आम्ही दोघंच भावंडं.

तो कसा जगतो ते आधी सांगते, कारण बहुतेक जण थेट 'कुठे ठेवायचं' इथूनच बोलायला लागतात. सकाळी देवाची फुलं आणतो, मग गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसतो. कुणाचा डबा कोणता, कुणाला भाकरीचं पीठ जाडसर लागतं, सगळं त्याच्या डोक्यात. गिरणीवाले काका चहा देतात, महिन्याला थोडे पैसेही. हिशेब जमत नाही. नोट देतो आणि हातावर येतील ते सुटे घेतो. दुखलं-खुपलं सांगत नाही, जेवण कमी झालं की आई ओळखते. फिटच्या गोळ्या आठवणीने द्याव्या लागतात. आणि कुणीही कागद पुढे केला तरी सही करतो.

ही सहीच मला झोपू देत नाही. घर अण्णांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, त्यांच्याच नावावर. आमचा एक चुलत भाऊ म्हणतो, "घर माझ्या नावे करा, मी याला शेवटपर्यंत सांभाळतो." माणूस वाईट नाही. पण सांभाळणाराच मालक झाला, तर उद्या त्याला जाब कोण विचारणार?

आई म्हणते, "तू आहेस ना." आहेच मी. पण मी त्याच्याहून मोठी आहे, आणि माझ्या मुलीला न विचारता हे तिच्यावर टाकणं मला मान्य नाही. एकाच माणसावर अवलंबून नसलेली व्यवस्था हवी आहे, तीही अण्णा सही करू शकतात तोवर.

प्रश्न असे. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (त्यात अशा सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो) पालकत्वाचा अर्ज आता अण्णांनी करावा की मी? घर थेट भावाच्या नावे करावं की खाजगी ट्रस्ट (मालकी विश्वस्तांकडे, उपयोग त्याच्यासाठी)? आणि निवासी संस्थांबद्दल, विशेषतः पालकांनीच उभ्या केलेल्यांबद्दल, कुणी जवळून सांगू शकेल का? सांगली सोडायला तो तयार होईल असं मला वाटत नाही, तरी माहिती हवी.

गोदाकाठ:
ताई, आमची मुलगी 29 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. 18 पूर्ण झाली की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला बँकेच्या खिडकीवर कळलं. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. अण्णांचं वय पाहता मी म्हणेन की तुम्हीच करा, त्यांच्या संमतीने. पालकत्व वारशाने पुढे जात नाही, पालक गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

जाब विचारण्याबद्दल: नेमलेल्या पालकाने 6 महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून 3 महिन्यांत हिशेब. पालक हयगय करत असेल किंवा पैसे खात असेल, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे जाऊन त्याला काढायची मागणी करू शकते. त्यामुळे तुमच्याकडचे दोघे-तिघे नातेवाईक आतापासून माहितीत ठेवा.

आणि 'निरामय' आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, बाह्यरुग्ण उपचारही बसतात. नियमित गोळ्या असलेल्या माणसाला फार उपयोगी.

सुहृद:
वकील आहे, दिवाणी काम करतो. घर चुलत भावाच्या नावे अजिबात करू नका.

अण्णांनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, तुम्ही आणि भाऊ यांना सारखे हिस्से मिळतील. दिव्यांगत्वामुळे त्याचा हक्क जात नाही. पण हिस्सा थेट त्याच्या नावावर आला की सहीचा धोका तिथेच सुरू होतो. म्हणून मृत्युपत्रातच 1882 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे खाजगी ट्रस्ट लिहून ठेवावा: लाभार्थी तो, विश्वस्त किमान तिघे, त्यातला एक तरी नात्याबाहेरचा, आणि एक गेला तर पुढचा कोण हे त्यातच. चुलत भावाचा जीव खरंच असेल तर त्याला विश्वस्तांपैकी एक करा. काळजी घेईल, मालकी नसेल.

साक्षीदार दोन, दोघेही लाभार्थी नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी 81 व्या वर्षी करून घ्याच, सोबत मनःस्थिती ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडा.

अण्णा सरकारी नोकरीत होते का?

चाफा:
माझी बहीण निवासी संस्थेत आहे. पालकांनी उभ्या केलेल्यांत बदलापूरची 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणीची 'घरकुल' जरूर पाहा. पुण्याकडे मारुंजीला 'नवक्षितिज' आहे. जेवणाच्या वेळेला जा. तिथली माणसं रहिवाशांशी कशी बोलतात ते तेव्हा दिसतं. भावाला सोबत न्या, आणि आई-अण्णा असतानाच थोडे दिवस राहून पाहू दे. आई गेल्याच्या आठवड्यात घरही सुटलं तर दोन्ही दुःखं एकदम येतात, आणि त्याला ती सांगता येणार नाहीत.

दुसरं, आईला आत्ता बसवून एक वही लिहून घ्या. गोळ्या, डॉक्टर, काय खात नाही, कशाने घाबरतो, कसा शांत होतो. जेवण कमी झालं की दुखतंय हे आज फक्त आईला कळतं. गिरणीवाल्या काकांचं नावही त्यात हवं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीचं आजच आईला फोनवर सांगितलं, ती लगेच बोलायलाच लागली. मृत्युपत्रासाठी वकील सांगलीतलेच शोधते, म्हणजे अण्णांना प्रवास नको.

सुहृद, हो, अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधल्या नियम 116 प्रमाणे कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, असं वाचलं आहे. सध्या पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) फक्त आईचं नाव आहे. अण्णा हयात असताना भावाचं नाव नोंदवून घेतलेलं कुणी इथे आहे का? अर्ज अण्णांच्या जुन्या कार्यालयात द्यायचा की थेट कोषागारात?